आधी काटा मावळतो: उंची घड्याळांच्या ल्यूमची चाचणी, प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

नमुने ठरले. सहा घड्याळं. ल्यूम म्हणजे काट्यांवर आणि खुणांवर भरलेला, अंधारात चमकणारा लेप. कंपन्यांची नावं तक्त्यात लिहायची नाहीत, रचना लिहायची, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत ल्यूमचा फरक दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो.

घ-१: सँडविच डायल. वरच्या पत्र्यात आकडे कापून काढलेले, खालच्या पत्र्यावर ल्यूमचा सलग थर. पॅनेराईमुळे ओळखीची झालेली रचना.
घ-२: निळा उजेड देणारं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ. रोलेक्सने २००८ मध्ये डीपसी या मॉडेलवर क्रोमालाइट हा निळा ल्यूम आणला, तेव्हापासून निळ्याची चलती आहे.
घ-३: मिनिट काटा आणि बेझेलवरचा (काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा) ठिपका हिरवा, बाकी सगळं निळं. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर ३००एमवर हीच मांडणी असते. पाण्याखाली किती मिनिटं झाली हे ज्या दोन गोष्टींवरून कळतं, त्यांना वेगळा रंग.
घ-४: केस आणि पट्टा एकसंध दिसणारं पातळ स्टीलचं घड्याळ. खुणा आणि काटे सोन्याच्या चौकटीत, मधे ल्यूमची चिंचोळी पट्टी.
घ-५: १९८५ च्या सुमाराचं, डायलच्या तळाशी ‘टी<२५’ छापलेलं. काच अ‍ॅक्रिलिकची.
घ-६: ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) वायूच्या, स्वतःहून चमकणाऱ्या काचनळ्या बसवलेलं.

मोजायचं काय, यावर बराच खल झाला. फोटोत लोक बारा वाजताची खूण बघतात, ती सगळ्यात ठळक असते. पण वेळ खुणांवरून कळत नाही, काट्यांवरून कळते. खुणा झगझगत आहेत आणि मिनिट काटा दिसत नाही, असं घड्याळ पहाटे चार वाजता कामाचं नाही. म्हणून मुख्य आकडा मिनिट काट्याचा घ्यायचा आणि खुणेचा आकडा शेजारी तुलनेपुरता ठेवायचा.

४ जून

अंधारपेटी तयार. १२ मिमी प्लायवूड, आत मॅट काळा रंग, झाकणाच्या कडेला काळं फेल्ट. कॅमेऱ्याची लेन्स वरच्या भोकातून आत येते आणि भोवती काळ्या मखमलीची बाही.

पेटी रिकामी ठेवून ६० सेकंदांचा फोटो काढला. तीन ठिकाणांहून उजेड आला. बिजागरीची फट अपेक्षित होती. आर्द्रतामापकाच्या पडद्यामागचा दिवा लक्षात आला नव्हता. तिसरा प्रकार नवाच: घड्याळाखाली ठेवलेला पांढरा प्लास्टिकचा ठोकळा खोलीतला उजेड पिऊन नंतर स्वतःच मंद चमकत होता. ठोकळा काढून काळ्या रबराची उशी ठेवली. मापकाच्या दिव्यावर काळी टेप लावली. बिजागरीला आतून फेल्टची पट्टी चिकटवली. पुन्हा ६० सेकंद: फोटो काळा.

५ जून

चार्जिंगचा दिवा: ६५०० केल्विनचं एलईडी पॅनल, डायलच्या पातळीला १००० लक्स येतील इतक्या उंचीवर. लक्समीटर वेगळा घेतला, मोबाईलच्या अ‍ॅपवर भरवसा ठेवला नाही.

पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा भरपूर असतो आणि स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट (आजच्या ल्यूममधली चमकणारी पावडर) निळ्या व अतिनील उजेडानेच भरतं. पिवळ्या बल्बखाली तेवढेच लक्स दिले तरी काम कमी होतं, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, ल्यूमसाठी नाही. लाल दिव्याने ल्यूम जवळजवळ भरतच नाही. आपल्याला ते सोयीचं आहे: पेटी उघडून घड्याळ बदलताना मंद लाल टॉर्च वापरता येईल.

वेळ १० मिनिटं. २० मिनिटं देऊन पाहिली, फरक नगण्य.

८ जून

कॅमेऱ्याचं गणित. ल्यूमचा उजेड साधारण १/t ने उतरतो: १ मिनिटाला जेवढा, १० मिनिटांना त्याचा दहावा हिस्सा, १०० मिनिटांना शंभरावा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, म्हणजे उजेड ४८० पट कमी. एकाच एक्स्पोजरने सगळं टिपता येणार नाही. १ मिनिटाच्या फोटोला १/८ सेकंद धरला तर ८ तासांच्या फोटोला ६० सेकंद लागतात. आयएसओ १६००, एफ/४, फोकस हाताने, व्हाइट बॅलन्स ठरलेला, फाइल रॉ. नंतर एक्स्पोजरच्या वेळेने भागून सगळे आकडे एका मापावर आणायचे.

पहिल्याच फोटोत चूक. घ-१ आणि घ-२ एका मिनिटाला अगदी सारखे आले. आकडे पाहिले तर दोघांचेही पिक्सेल भरून वाहिलेले. हिरवा चॅनेल कमाल पातळीला टेकला की दुप्पट तेजस्वी आणि चौपट तेजस्वी यांत फोटोला फरक कळत नाही. इंटरनेटवरचे बहुतेक ‘ल्यूम शॉट’ असेच असतात, शिवाय प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर वेगळं. त्यातून तुलना करणं म्हणजे दोन वेगवेगळ्या तराजूंवर भाजी तोलणं.

९ जून

पूर्ण फेरी केली आणि पूर्ण फेकून दिली. कारणं दोन.

एक, घ-२ आदल्या संध्याकाळपर्यंत मनगटावर होतं. ल्यूममध्ये साठलेला उजेड पहिल्या तासात झपाट्याने संपतो, पण उरलेला अंश रात्रभर रेंगाळतो. त्यामुळे सगळी घड्याळं एका रेषेवरून निघाली नव्हती. यापुढे चार्ज करण्याआधी २४ तास अंधारात.

दोन, घ-६ बाकीच्यांबरोबर पेटीत होतं. ट्रिटियमच्या नळ्या विझत नाहीत. आठव्या तासाला शेजारच्या घड्याळांचे आकडे खाली जायचे थांबले. वाटलं, वा, काय ल्यूम आहे. प्रत्यक्षात ६० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये नळ्यांचा उजेड शेजारच्या काचांवरून आणि पॉलिश केलेल्या कडांवरून परतत होता. घ-६ ची फेरी यापुढे स्वतंत्र.

१२ जून

नीट फेरी. खोली २५ अंश, एसी चालू, घड्याळं चार (घ-१ ते घ-४). फोटो १, ५, १०, ३०, ६०, १२०, २४०, ४८० मिनिटांना.

चौघांचेही उतार जवळजवळ समांतर. कुणाच्याही ल्यूममध्ये ‘जास्त टिकण्याची’ वेगळी जादू नाही. फरक आहे तो सुरुवातीच्या उंचीत: जो उंचावरून निघतो, तो डोळ्याच्या मर्यादेखाली उशिरा पोहोचतो. उंची ठरते ती किती पावडर, किती जाड थरात आणि किती क्षेत्रफळावर आहे यावर.

खुणा विरुद्ध काटे हा मुद्दा इथेच पक्का झाला. घ-२ च्या गोल खुणेचा व्यास २ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ३.१ चौरस मिमी. मिनिट काट्याची खिडकी ५ मिमी लांब आणि ०.७ मिमी रुंद, म्हणजे ३.५. क्षेत्रफळात काटा वरचढ. तरी दर चौरस मिमीला काटा खुणेच्या निम्म्याच्या आसपास. खुणेच्या वाटीत ल्यूम खोल भरता येतो आणि खाली डायलचा पत्रा असतो, त्यावरून मागे गेलेला उजेड परत येतो. काट्याचा पत्रा जेमतेम ०.१५ ते ०.२ मिमी जाड, खिडकी आरपार, मागे काहीच नाही. मागच्या बाजूने निघालेला उजेड डायलवर पडतो आणि काळा डायल तो गिळतो.

घ-३ मध्ये डिझाइन करणाऱ्यांनी हा प्रश्न रंगाने सोडवल्यासारखा दिसतो: मिनिट काटा हिरवा. पहिल्या तासात तो निळ्या खुणांच्या बरोबरीने उभा राहतो. घ-४ मध्ये प्रश्न सोडवलेला नाही, आणि सोडवायचा हेतूही नसावा. सोन्याची चौकट राखायची म्हणजे ल्यूमला पाव मिलिमीटर जागा उरते.

१४ जून

डोळ्याने वाचन. तीन वाचक, अर्धा तास पूर्ण अंधारात बसून मग घड्याळ हातात. अंतर २५ सेंमी. डायव्हर घड्याळांच्या आयएसओ ६४२५ मानकात अंधारात वेळ वाचता येण्यासाठी हेच अंतर धरलं आहे. घड्याळ चालू आहे हेही अंधारात कळायला हवं, अशी त्यात अट आहे. म्हणून डायव्हरच्या सेकंद काट्यावर ल्यूमचा ठिपका असतो.

घ-१ आणि घ-२ आठव्या तासाला तिघांनाही वाचता आले. घ-३ सातपर्यंत बिनचूक, नंतर एकाने तास काटा आणि मिनिट काटा यांची गल्लत केली. घ-४ चा मिनिट काटा अडीच तासांनी गेला. खुणा त्यानंतरही दीड तास दिसत होत्या, पण नुसत्या खुणा पाहून वेळ कोण सांगणार.

कॅमेऱ्याचं आणि डोळ्याचं एकमत नाही. कॅमेऱ्यात घ-१ चा हिरवा शेवटपर्यंत पुढे, डोळ्याला मात्र चार तासांनंतर घ-२ चा निळा उजवा वाटतो. कारण डोळ्यात आहे. उजेडात आपण शंकुपेशींनी बघतो, त्यांची कमाल संवेदना ५५५ नॅनोमीटरला, हिरव्या-पिवळ्यात. गडद अंधारात दंडपेशी काम करतात आणि त्यांची कमाल ५०७ ला, निळ्याकडे सरकलेली. हिरव्या ल्यूमचा उजेड ५२० च्या आसपास, निळ्याचा ४९० च्या जवळ. संध्याकाळी सिनेमागृहात हिरवा जिंकतो, पहाटे निळा त्याला गाठतो.

दंडपेशींच्या दोन अडचणी वाचकांना आधीच सांगायला हव्या होत्या. डोळ्याच्या बरोबर मध्यभागी त्या नसतात, म्हणून मंद काट्याकडे सरळ रोखून पाहिलं की तो नाहीसा होतो आणि किंचित बाजूला पाहिलं की परत येतो. आणि त्यांना बारकावा दिसत नाही. दिवसा डोळा १ कलामिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील ओळखतो, अंधारात ही मर्यादा सुमारे दहापट ढोबळ होते. २५ सेंमीवर १० कलामिनिटं म्हणजे ०.७ मिमी. काट्याच्या खिडकीची रुंदी तेवढीच आहे! म्हणजे पहाटे काट्याचा आकार दिसत नाही, नुसती रेघ दिसते. तास काट्याला बाण, गोल किंवा जाड पातं देण्यामागे ही गरज आहे. तास आणि मिनिट काटे एकाच घाटाचे असतील तर घोळ होणारच.

१९ जून

घ-५. दहा मिनिटं चार्ज करून पेटीत ठेवलं, एका मिनिटाला जवळजवळ काळं. हे अपेक्षितच होतं. टी<२५ म्हणजे ट्रिटियम, २५ मिलिक्युरीहून कमी. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. चाळीस वर्षांत सव्वातीन अर्धायुष्यं, म्हणजे मूळच्या सुमारे १०% उरलं. शिवाय ट्रिटियमच्या किरणांनी चमकणारी झिंक सल्फाइडची पावडरही इतक्या वर्षांच्या माऱ्याने थकलेली.

जुनं घड्याळ विकत घेणाऱ्यांसाठी उपयोगी परीक्षा: अतिनील टॉर्च दोन सेकंद मारा आणि विझवा. मूळ ट्रिटियम डायल चमकून काही सेकंदांत मावळतो. टी<२५ छापलेला डायल पाच मिनिटांनंतरही झळकत असेल, तर त्यावर नंतर कुणीतरी नवा ल्यूम भरला आहे. खुणा आणि काटे वेगवेगळ्या गतीने मावळले, तर काटे बदललेले. छपाईवरूनही काळ ताडता येतो: रोलेक्सने १९९८ च्या सुमारास ट्रिटियम सोडून लुमिनोव्हा (उजेडाने भरणारा, किरणोत्सार नसलेला ल्यूम) घेतला आणि २००० च्या सुमारास सुपर-लुमिनोव्हा.

त्याआधीचं, म्हणजे रेडियमचं घड्याळ या टेबलावर उघडायचं नाही, हा नियम लिहून भिंतीवर लावला. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं. चमक केव्हाच मेली, किरणं जशीच्या तशी. खरवडलेली धूळ श्वासातून आत गेली की ती हाडात बसते. न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात १९२० च्या आसपास डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशाला ओठांनी टोक काढत, त्यांचे जबडे याच रेडियमने गेले. ओळखायला गायगर काउंटर पुरतो: काच न उघडता काउंटर वाजला तर रेडियम समजा. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की काचेबाहेर येतच नाहीत, काउंटर गप्प राहतो.

(आपल्याकडे मात्र गाडीच्या नंबरप्लेटवरचा परावर्तक स्टिकरही ‘रेडियम’ आणि अंधारात चमकणारं कुठलंही घड्याळ ‘रेडियमचं’. त्यामुळे विकणाऱ्याने ‘ओरिजनल रेडियम आहे’ म्हटलं तर घाबरायचंही नाही आणि हुरळायचंही नाही. काउंटर लावायचा.)

२१ जून

घ-६ ची एकट्याची फेरी. १ मिनिट ते ८ तास, आकडा जागचा हलत नाही. चार्ज केलेल्या डायव्हरच्या तुलनेत पहिला तासभर हे अगदी मिणमिणतं वाटतं आणि पहाटे तेच स्पष्ट वाचता येतं. बाहीखाली दिवसभर झाकलं गेलं तरी फरक पडत नाही. दोष एकच, आणि तो सावकाश येतो: बारा वर्षांनी निम्मं. नळ्या बदलणं हे आपल्या टेबलाचं काम नाही.

२४ जून

आता स्वतःचे नमुने. २० मिमी व्यासाच्या पितळी चकत्या, त्यावर सुपर-लुमिनोव्हाच्या चार पावडरी: सी३, सी१, बीजीडब्ल्यू९ (ही प्रकारांची नावं) आणि जुन्या रेडियमच्या रंगाची बदामी. या सगळ्यांच्या मुळाशी एकच शोध आहे, जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ मध्ये आणलेलं युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट. स्वित्झर्लंडमध्ये आरसी ट्रायटेक या कंपनीबरोबर भागीदारी झाली आणि सुपर-लुमिनोव्हा हे नाव रुळलं.

मिश्रणाचं प्रमाण वजनाने, सोनाराच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. पावडर आणि वार्निश १:१ घेतलं तर पातळ होतं आणि सुकताना थर बसून मधे खळगा पडतो. २:१ घेतलं तर भुसभुशीत, सुईला चिकटत नाही. ०.३० ग्रॅम पावडरीला ०.२० ग्रॅम वार्निश, म्हणजे १.५:१ जमलं. याहून जास्त एका वेळी कालवायचं नाही, १५ मिनिटांत घट्ट होतं. पावडर जड आहे, तळाशी बसते, म्हणून प्रत्येक थेंबाआधी ढवळायचं. नाहीतर पहिल्या चकतीवर वार्निश जास्त आणि शेवटच्या चकतीवर पावडर जास्त.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. गुठळी झाली म्हणून खलात कुटायचं नाही: दाणा फुटला की चमक कायमची कमी होते, मोठा दाणा जास्त उजळ. आणि स्टीलच्या पात्याने घोटायचं नाही: हे दाणे कडक आहेत, धातू खरवडतात आणि मिश्रण राखाडी पडतं. काचेची पट्टी, काचेची काडी.

२५ जून

चार चकत्या, सारखी जाडी. सी३ ला १०० धरलं तर बीजीडब्ल्यू९ जेमतेम खाली, सी१ एक तृतीयांशाच्या आसपास, बदामी त्यांच्या मधे. सर्वसाधारणपणे जे आकडे सांगितले जातात (सी१ साठी ३१%, बीजीडब्ल्यू९ साठी ९५%) त्यांच्याशी जुळतं. दिवसा पांढराशुभ्र दिसणारा डायल हवा म्हणून सी१ घ्यायचा, तर दोन तृतीयांश चमक सोडायची. तोच पांढरेपणा ठेवून रात्रीही दिसायचं असेल तर बीजीडब्ल्यू९. सी३ दिवसा पिवळट-हिरवट दिसतो, ज्याला चालतो त्याने दुसरं काही शोधू नये.

२८ जून

पाऊस लागला. आर्द्रता ८८%. काल लावलेल्या सहाही चकत्यांवर दुधाळ साय. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते. पावसाळ्यात लाकडाला लॅकर मारणाऱ्या पॉलिशवाल्यांना हा प्रकार पाठ आहे. लाकडावर तो फक्त दिसायला वाईट. इथे जास्त वाईट, कारण या पावडरीचं पाण्याशी वैर आहे.

खात्रीसाठी चिमूटभर कोरडी पावडर पाण्याच्या थेंबात टाकून दोन दिवस ठेवायची ठरली. शेजारी कोरडी, तेवढीच.

३० जून

पाण्यातल्या पावडरीची पांढरी खपली झाली आणि चमक कोरडीच्या जवळपासही नाही. उरलेलं पाणी हळदीच्या कागदावर सोडलं, डाग लाल पडला, म्हणजे पाणी अल्कधर्मी झालेलं. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचं विघटन होऊन हायड्रॉक्साइड बनतं. बंद घड्याळात हे घडत नाही. पण गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) गेलेलं, काचेच्या आतून धुकं धरणारं घड्याळ वर्षानुवर्षं वापरलं तर ल्यूम काळपट का पडतो आणि का भुरभुरतो, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

उपाय: मंद उडणारं थिनर, चकती आधी दिव्याखाली कोमट करणं, आणि लावल्याबरोबर सिलिका जेलच्या बंद डब्यात २४ तास. डब्यातली आर्द्रता ४०% च्या खाली आल्याशिवाय थर लावायचा नाही.

१ जुलै

आर्द्रता ९३%. काम नाही.

४ जुलै

जाडीची मालिका. चकतीवर पारदर्शक चिकटपट्टीचे थर एकावर एक लावून मधे चौकोनी खिडकी कापली आणि खिडकी ल्यूमने काठोकाठ भरली. पट्टीचा एक थर ०.०५ मिमी: दोन, चार, सहा, आठ थर. सुकल्यावर वार्निश आकसतं, म्हणून खरी जाडी मायक्रोमीटरने पुन्हा मोजली, भरल्यापेक्षा प्रत्येक वेळी कमी भरली.

०.१ वरून ०.२ ला जाताना चमक पावणेदोन पट. ०.२ वरून ०.३ ला वाढ आहे, पण उत्साह कमी. ०.४ ला गेल्यावर फारसं हाती लागत नाही: चार्जिंगचा उजेड खोलवर पोहोचत नाही आणि आतला उजेड वर येईपर्यंत दाण्यांत अडकतो.

प्रत्येकाची दुसरी जोडी पांढऱ्या अस्तरावर केली. ०.१ मिमीच्या थराला अस्तराचा फायदा ठळक, ०.४ ला जवळजवळ शून्य. सँडविच डायलचा खालचा पत्रा आणि खोल वाट्यांच्या खुणा यांचं यश या दोन ओळींत आहे. आणि काट्याचं अपयशही.

११ जुलै

काटे. सुट्या भागांच्या डब्यातला एक जुना संच घेतला, चालू घड्याळाचा नाही. जुना ल्यूम थिनरने मऊ करून लाकडी काडीने काढला. काटा उलटा करून, दर्शनी बाजू चिकट पोटीनवर. ल्यूम नेहमी मागून भरायचा, म्हणजे पुढची बाजू सपाट येते. सुईवर एक थेंब घेऊन खिडकीच्या एका टोकाला टेकवायचा आणि न उचलता दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचा. पृष्ठताणाने पडदा तयार होतो. मधे उचललं की बुडबुडा आलाच.

एक थर सुकल्यावर दुसरा, त्यावर पांढऱ्या वार्निशचा पातळ हात. चमक छान. चाचणीसाठी ठेवलेल्या मशीनवर (घड्याळाच्या आतल्या यंत्रावर) काटे बसवले आणि बाराच्या पुढे घड्याळ अडकलं.

कारण भिंगातून दिसलं: दुसऱ्या थराने मिनिट काट्याच्या मागे फुगवटा आला होता, जेमतेम ०.१ मिमीचा, आणि दोन काटे एकमेकांवर आले की तो तास काट्याच्या पात्याला घासत होता. डायलवरच्या ल्यूमला जागा आहे, काट्याला नाही. तीन काट्यांच्या मधल्या फटी दशांश मिलिमीटरांच्या हिशेबात असतात आणि त्यातली प्रत्येक फट ल्यूम मागतो.

१३ जुलै

फुगवटा बारीक पॉलिश कागदावर उतरवला. घासताना निघालेली धूळ मशीनच्या जवळ येऊ द्यायची नाही, हे दाणे पॉलिश पावडरीसारखं काम करतात. आता एकच थर आणि मागे पांढरं अस्तर, एकूण जाडी पत्र्याच्या पातळीत. दोन थरांच्या फुगीर काट्याहून किंचित मंद, अस्तर नसलेल्या एकेरी थराहून स्पष्ट उजळ. घड्याळ चालतं.

१८ जुलै

तापमान. सारख्या दोन चकत्या सारख्या चार्ज केल्या, एक २५ अंशाला, दुसरी मनगटाच्या ३३ अंशाला गरम तव्यावर (स्वयंपाकाचा नव्हे, थर्मोस्टॅटचा). गरम चकती पहिली वीस मिनिटं पुढे, नंतर मागे. साठलेले इलेक्ट्रॉन उष्णतेनेच सापळ्यातून सुटतात. गरमी वाढली की जास्त सुटतात आणि लवकर संपतात. हातात घालून झोपलेल्या घड्याळाचा आणि उशाशी ठेवलेल्याचा पहाटेचा उजेड म्हणून वेगळा असतो. यापुढे प्रत्येक फेरीत तापमान लिहायचं.

२६ जुलै

अतिनील टॉर्चची फेरी, ३६५ नॅनोमीटर, ३० सेकंद. १ मिनिटाचे आकडे एलईडी पॅनलपेक्षा बरेच वर, दोन तासांनी दोन्ही जवळजवळ एकत्र. टॉर्चचा झटका वरच्या थराला भरतो आणि तो पहिल्या अर्ध्या तासात उधळला जातो. दुकानात काउंटरवर टॉर्च मारून दाखवतात तो हाच अर्धा तास. घ-४ सुद्धा टॉर्चखाली देखणं दिसतं. विकत घेताना टॉर्च मागू नका. दुकानाच्या दिव्यांखाली दहा मिनिटं ठेवायला सांगा आणि मग हाताची ओंजळ करून मिनिट काटा बघा.

२ ऑगस्ट

शेवटची फेरी: दुरुस्त केलेले काटे, बीजीडब्ल्यू९, एक थर, पांढरं अस्तर. २४ तास अंधार, १० मिनिटं १००० लक्स, खोली २५ अंश, डब्यातली आर्द्रता ३८%. तुलनेला तोच संच, अस्तर नसलेला, दुसऱ्या मशीनवर.

चौथ्या तासाला तिन्ही वाचकांना दोन्ही वाचता आले. सहाव्या तासाला अस्तर नसलेला मिनिट काटा एकालाच दिसला, तोही बाजूने पाहून. अस्तराचा काटा तिघांनाही. आठव्या तासाला अस्तराचाही गेला, दोघांकडून. खुणा अजून होत्या.

अस्तराचं वार्निश सुकल्यावर पिवळं पडतं का, हे सहा महिन्यांनी बघायचं. दोन्ही संच डब्यात ठेवले, डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहिलं, सिलिका जेल बदललं.